माउंट व्हिटनी एका दिवसात: दीर पुण्याहून येतोय, बेत कसा आखू?

रानजाई:
मंडळी, यंदा लॉटरीत कॅलिफोर्नियातल्या व्हिटनीचं एका दिवसाचं परमिट लागलं! सप्टेंबरचा दुसरा शनिवार, चार जण. मी, नवरा, त्याच्या ऑफिसातली एक मैत्रीण आणि खास यासाठी पुण्याहून येणारा धाकटा दीर. दीर पक्का भटक्या आहे. दर रविवारी सिंहगड, अलंग-मदन-कुलंग झालंय, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडही. आम्ही बाकीचे घराजवळच्या मिशन पीक टेकडीवाले, पण नेमाने जाणारे.

बेत असा आहे: दीर बुधवारी रात्री उतरेल. शुक्रवारी दुपारी सनीवेलहून निघायचं, रात्री लोन पाइन गावातल्या मोटेलात चार तास झोप, पहाटे तीनला व्हिटनी पोर्टलवरून, म्हणजे वाट सुरू होते तिथून, चढायला सुरुवात. रविवारी घरी.

हे जमेल ना? उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यावी का? आणि खायला काय न्यावं? सासूबाई दिरासोबत तीन किलो बाकरवडी पाठवतायत.

टेकडीकर:
अभिनंदन! दिवसाला फक्त शंभर जणांना सोडतात, त्यात नंबर लागणं हेच अर्धं शिखर. आता बेताबद्दल स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

दिराच्या पायांची मला जराही काळजी नाही. पण अलंग-मदन-कुलंग पाच हजार फुटांच्या आतबाहेर संपतं आणि व्हिटनीचं पोर्टलच ८,३०० फुटांच्या वर आहे. तिथून माथा १४,५०५. म्हणजे साडेअठराशे मीटरहून जास्त चढ. कळसूबाई समुद्राच्या पाण्यातून चढायला घेतलीत तरी १,६४६ मीटर होतात. वर जाऊन-येऊन २२ मैल. आणि माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास. फिटनेस आणि उंचीचा त्रास यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. उलट तगडी माणसं सुरुवातीला दामटत निघतात आणि बारा हजारांवर डोकं धरून बसतात. मी हे बघितलंय, तेही सह्याद्री कोळून प्यायलेल्या मंडळींच्या बाबतीत.

तुमच्या बेतात खरी गोम लोन पाइनची आहे. गाव छान, पण उंची जेमतेम ३,७०० फूट. तिथे झोपून शरीराला काहीच कळत नाही. बुधवारी पुण्याहून आलेला माणूस, जेट लॅग अंगात, शनिवारी दुपारी १४ हजारांवर. नको.

त्याऐवजी एक दिवस सुट्टी जास्त टाका आणि गुरुवारी सकाळीच निघा. टायोगा पासवरून जा, तो जवळजवळ दहा हजार फुटांवर आहे. उतरून अर्धा तास रमतगमत फिरा. रात्री मॅमथला मुक्काम, ते आठ हजारांच्या जरा खाली. शुक्रवारी लोन पाइन गाठा, पण तिथे न थांबता हॉर्सशू मेडोजला चढा. गाडीरस्ता थेट दहा हजार फुटांपर्यंत जातो. कॉटनवुड लेक्सच्या वाटेवर दोन-तीन तास चालून परत या. कँपग्राउंडला आरक्षण नसतं, लवकर पोचाल तर जागा मिळते. झोप नीट लागणार नाही, पण त्या उंचीवरची अर्धी झोपही मोटेलच्या गाढ झोपेपेक्षा कामाची. निघताना पहाटेचा तासभर घाटातल्या ड्रायव्हिंगला धरा.

आता वाट. वाटेतल्या लोन पाइन तळ्यापर्यंत काही वाटत नाही. खरी परीक्षा ट्रेल कँपनंतर. ते १२,००० फुटांवर, साधारण सहा मैलांवर. भरवशाचं शेवटचं पाणी तिथलंच, तेव्हा फिल्टर करून प्रत्येकाने तीन लिटर भरून घ्या. मग ती प्रसिद्ध ९९ वळणं. सवा दोन मैलांत सोळाशे फुटांच्या वर. चढ तीव्र नाही, नीट बांधून काढल्यासारखी वाट आहे, पण संपत नाही. मध्ये लोखंडी केबल लावलेला टप्पा येतो, तिथे खडकातून पाणी झिरपतं आणि पहाटे त्याचा बर्फ झालेला असतो. काठी आवरा, केबल धरा, मागच्याला सांगा.

ट्रेल क्रेस्टला, म्हणजे वळणं संपतात त्या खिंडीत, लोकांना वाटतं की आलंच. नाही. खिंड ओलांडली की वाट पलीकडे खाली उतरते, जॉन म्युइर ट्रेलला मिळते आणि तिथून अजून दोन मैल मोठमोठ्या दगडांतून. येताना तोच छोटासा उतार चढावा लागतो. चौदा हजारांच्या जवळ, पाय संपलेले असताना ते दीडदोनशे फूट जेवढ्या शिव्या खातात तेवढ्या ९९ वळणंही खात नाहीत.

वाटसरू६५०:
टेकडीकर, किती घाबरवताय हो! आम्ही शुक्रवारी ऑफिस करून गेलो, लोन पाइनला झोपलो, शनिवारी माथा, रविवारी घरी. कुणाला काही झालं नाही. थोडं डोकं दुखलं, आयबुप्रोफेन घेतली, संपलं.

टेकडीकर:
वाटसरू, तुमचं जमलं याचा आनंद आहे. पण कुणाला उंची लागेल हे आधी कळत नाही, आणि एकदा लागली नाही म्हणजे पुढच्या वेळी लागणार नाही असंही नाही. शिवाय गोळीने डोकं थांबतं, उंची उतरत नाही.

शतावरी:
मी डॉक्टर आहे, पण तुमची डॉक्टर नाही, तेव्हा हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. डायमॉक्स चढायच्या आदल्या दिवसापासून सुरू करतात, सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी नक्की सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, सोडा प्यायलात तर चव विचित्र लागते. घाबरू नका. पहिल्यांदाच डोंगरावर घेऊ नका, घरी एक दिवस घेऊन बघा.

डोकेदुखी आणि मळमळ असेल तर थांबा, वाढली तर खाली. पण बसल्याजागीही धाप लागत असेल, खोकला येत असेल, माणूस असंबद्ध बोलत असेल किंवा सरळ रेषेत पावलं टाकता येत नसतील तर चर्चा नको. फुप्फुसात पाणी किंवा मेंदूला सूज असू शकते. लगेच उतरवायचं, आणि एकट्याला पाठवायचं नाही.

रानजाई:
खूप खूप आभार. नवऱ्याला वाचायला दिलं, गुरुवारची सुट्टी टाकतोय. परत किती वाजता फिरायचं हे आधी ठरवावं का? दीर म्हणतो, "वहिनी, माथा दिसत असताना कोण परत फिरतं?"

टेकडीकर:
दिराला सांगा, हे घरीच ठरवायचं आणि कागदावर लिहायचं. बारा हजारांवर डोकं तसंही लोकशाही पद्धतीने चालत नाही. दोनला निघा, असाल तिथून दुपारी साडेबाराला मागे. उन्हाळ्यात दुपारी ढग जमले की विजा पडतात. माथ्यावर १९०९ साली बांधलेली दगडी झोपडी आहे, ती आडोसा वाटते, पण १९९० मध्ये तिच्यावर वीज पडून आत थांबलेला एक जण गेला. गडगडाट ऐकू आला तर झोपडीत शिरू नका, उतरायला लागा. आणि चौघांत एक जरी परत फिरला तर त्याच्यासोबत दुसरा जाणार, हेही आत्ताच ठरवा. तो दुसरा कोण, तेसुद्धा. तिथे उभं राहून कुणी स्वतःहून हात वर करत नाही.

आता बाकरवडी. वर तोंडाला कोरड पडते, बाकरवडीचा तोबरा गिळता येत नाही. तूप-साखर लावून पोळ्यांचे रोल करा, राजगिरा वडी, खारे दाणे, आणि मळमळीवर आवळासुपारी जरूर. भूक मरते, तरी दर तासाला दोन घास पोटात गेले पाहिजेत. ट्रेल कँपला मार्मट असतात, खारीच्या जातीचे, मांजराएवढे जाडे. सॅक खाली ठेवून फोटो काढायला वळलात की कुरतडतात. पोर्टलला गाडीत खाण्याचा कणही नको, अस्वलं दार उचकटतात. तिथे लोखंडी पेट्या आहेत, त्यात टाका. सासूबाईंचा डबाही.

वाटसरू६५०:
पिशवीचं कुणी सांगितलंच नाही! वर संडास नाहीत. परमिटसोबत जी खास पिशवी मिळते, तिच्यातच उरकायचं आणि ती पाठीवरून खाली आणायची. माणशी एक घ्याच.

रानजाई:
अरे देवा. दिराला हे विमानात बसल्यावर सांगते. पोर्टलच्या दुकानात चढायच्या आधी नाश्ता मिळेल का?

टेकडीकर:
पहाटे दोनला कोण उठतंय तिथे! शुक्रवारी हॉर्सशूला जायच्या आधी वाकडी वाट करून जा. पार्किंग आणि वाटेचं तोंडही दिवसा बघून होईल. पॅनकेक एकच मागवा, दोघांना पुरतो.