मदत हवी आहे: नोंदीत ‘नाना’ आहे की ‘बाबा’? (उर्दू आणि मोडी)

गाव बीड जिल्ह्यातले (तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात). घराण्याचे दोन कागद हाती आहेत: फसली (महसुली साल) १३१९ चा उर्दू उतारा आणि त्याआधीची एक मोडी यादी. उर्दूत खातेदाराच्या नावाला नुक्ते (अक्षरांवरचे-खालचे ठिपके) नाहीतच, पुढे ‘वल्द गनपत’ (गनपतचा मुलगा) एवढे वाचता येते. मोडीत शब्द कुठे तुटतो तेच कळत नाही. फसलीचा इसवी सन कसा काढायचा? वंशावळीत चुकीचे नाव जाऊ नये, कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १
उर्दूपुरते सांगतो. बे, पे, ते, नून, ये ही अक्षरे शब्दाच्या आरंभी किंवा मध्ये आली की नुक्त्यांखेरीज नुसता एक दात, म्हणजे छोटा उंचवटा, उरतो. नुक्ते गाळले की बाबा आणि नाना एकसारखेच. बापू, बाबू, नानू यांचेही तसेच. ‘तात्या’त शेवटच्या अलिफाआधी (‘आ’ची उभी रेघ) दोन दात येतात, म्हणून आधी दात मोजा. घाईच्या लिखाणात दोन नुक्त्यांची आडवी रेघ होते, आणि नुक्ता दातावर न बसता डावीकडे सरकतो. गाफची (‘ग’ची) दुसरी रेघ गळून ‘कनपत’ही दिसेल. ण, ळ उर्दूत नाहीत. काळू ‘कालू’च लिहिला जाणार.

मोबाईलच्या स्कॅनर ॲपमध्ये काळे-पांढरे अजिबात करू नका. फिके नुक्ते उडतात, कागदावरचे डाग नुक्ते होऊन बसतात. रंगीत, ६०० डीपीआयला स्कॅन करा.

हैदराबादचे फसली साल ऑक्टोबरात सुरू होई. डिसेंबरपर्यंत ५९० मिळवा, जानेवारीपासून ५९१. म्हणजे १३१९ हे १९०९-१०.

प्रतिसाद २
मोडीत शिरोरेघ आधी ओढून खाली अक्षरे सलग लिहीत, शब्द तोडत नसत. म्हणून ‘बिन’ शोधा: त्याच्या आधी माणूस, नंतर बाप. बाईच्या नावापुढे ‘भ्रतार’ (नवरा) किंवा ‘जौजे’ (बायको) येईल, त्यानंतर नवऱ्याचे नाव. मौजे, परगणे, पाटील, तुमच्या गावाचे नाव, असे माहीत असलेले शब्द ट्रेसिंग पेपरवर उतरवून त्याच कारकुनाच्या हातचा अक्षरतक्ता करा. छापील बाराखडीपेक्षा तो जास्त कामाचा, कारण प्रत्येकाचे वळण निराळे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत पाळत नाहीत, त्यावरून नाव ठरवू नका. वाचन दोन रकान्यांत ठेवा: दिसते तसे, आणि तुम्ही लावलेले. शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह.

प्रश्नकर्ता
आभार! पुढच्या पानावर तोच आकार आहे, दोन्ही दातांवर एकेक नुक्ता, वरच्या बाजूला.

प्रतिसाद १
वर एक म्हणजे नून. खाली एक असता तर बे. तेव्हा त्या पानावर ‘नाना’. पण हा तोच माणूस कशावरून? आजोबांचे नाव नातवाला ठेवायची रीत आहे, नाना वल्द गनपत एका पिढीआड पुन्हा येऊ शकतो. सर्व्हे नंबर आणि फसली साल दोन्ही पानांवर जुळवा. जुळले नाही तर पहिल्या पानावर ‘नाना / बाबा (?)’ असेच राहू द्या.