डॉट एआयच्या पैशावर उभं राहिलेलं अँग्विला अजून लंडनच्या हाताखाली का?

किनारपट्टी (धागाकर्ता)

पुण्या-मुंबईत हल्ली जो तो एआयची कंपनी काढतो आणि वेबसाइटच्या नावामागे डॉट एआय लावतो. त्या प्रत्येक नावाची किमान दोन वर्षांची फी भरावी लागते आणि त्यातला मोठा वाटा जातो अँग्विला नावाच्या बेटाच्या सरकारी तिजोरीत, कारण भारताचा जसा डॉट इन तसा डॉट एआय हा या बेटाच्या वाट्याचा कोड आहे. कॅरिबियनमधलं हे बेट जेमतेम ९१ चौरस किलोमीटर, २६ किलोमीटर लांब आणि रुंदी पाचेक किलोमीटर, वस्ती पंधरा-सोळा हजार. म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गावसुद्धा याहून मोठं असतं. २०२४ मध्ये या डोमेनमधून (म्हणजे डॉट एआयने संपणाऱ्या वेबपत्त्यांमधून) त्यांना सुमारे १० कोटी ५५ लाख ईस्टर्न कॅरिबियन डॉलर मिळाले, अमेरिकी डॉलरमध्ये सांगायचं तर जवळपास ३ कोटी ९० लाख, आणि ते सरकारच्या एकूण उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास जातात.

तरी हे बेट स्वतंत्र नाही, ब्रिटनचा ओव्हरसीज, म्हणजे समुद्रापलीकडचा प्रदेश आहे. १९८२ ची राज्यघटना आहे, विधानसभा आहे, ११ निवडून आलेले सदस्य आहेत (७ मतदारसंघातून आणि ४ सगळ्या बेटातून), प्रीमियर म्हणजे सरकारचा प्रमुख आहे, २०२५ पासून कोरा रिचर्डसन-हॉज, त्या पदावरच्या पहिल्या बाई. पण गव्हर्नर लंडन पाठवणार आणि संरक्षण, परराष्ट्र, पोलीस, सरकारी नोकरवर्ग हे सगळं त्या गव्हर्नरकडे. कर्ज काढायचं तर लंडनने घातलेली मर्यादा, बजेटवर लंडनची नजर.

माझं म्हणणं सरळ आहे. हातात पैसा नव्हता तोपर्यंत ठीक होतं. आता आहे, तर पुढच्या दहाएक वर्षांत या लोकांनी स्वतंत्र व्हायची तयारी करावी. पैसा असतानाच हक्क मागता येतो, नसताना कोण ऐकतं? तुम्हाला काय वाटतं?

---

जमाखर्च

अजिबात पटलं नाही. ज्या उत्पन्नावर तुम्ही देश उभा करायला निघालात ते उत्पन्न लोकांच्या हौसेवर चाललंय. २०१८ च्या सुमारास हाच आकडा वर्षाला तीसेक लाख अमेरिकी डॉलर होता. चॅटजीपीटी आलं २०२२ च्या शेवटी आणि २०२३ मध्ये आकडा एकदम ३ कोटी २० लाखांवर. जे असं वर जातं ते तसंच खालीही येऊ शकतं. ज्याने पाच नावं घेऊन ठेवलीत तो दोन वर्षांनी रिन्यू करेलच असं नाही. आणि लाखो डॉलरला एखादं नाव विकलं गेल्याच्या बातम्या येतात ना, तो पैसा आधीच्या मालकाला जातो, बेटाला मिळते ती रजिस्ट्रेशनची आणि रिन्यूअलची फी, फार तर मुदत संपलेल्या नावांच्या लिलावाचे पैसे.

शिवाय ही कमाई कष्टाने उभी केलेली नाही, दोन अक्षरं वाट्याला आली म्हणून आहे. एआय हा कोड आधी आफ्रिकेतल्या एका फ्रेंच प्रदेशाचा होता, १९७७ मध्ये तो जिबूती म्हणून स्वतंत्र झाला तेव्हा कोड सुटला आणि पुढे अँग्विलाला मिळाला. जिबूतीने नाव बदललं नसतं तर आज हा धागाच निघाला नसता. अशा योगायोगावर परराष्ट्र खातं, कोस्ट गार्ड, वकिलाती, युनोची वर्गणी हे सगळं चालवणार?

---

किनारपट्टी

योगायोग कुणाला चुकलाय? आखातात वाळूखाली तेल निघालं तो काय पुरुषार्थ होता? मिळालेल्या पैशाचं तुम्ही काय करता याला महत्त्व आहे, आणि इथे तर त्यांनी बरंच शहाणपण दाखवलंय. नव्वदच्या दशकापासून विन्स केट नावाचे तिथे स्थायिक झालेले एक गृहस्थ हे डोमेन जवळजवळ एकट्याने सांभाळत होते, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने आयडेंटिटी डिजिटल या मोठ्या कंपनीशी करार केला, सर्व्हर जगभर पसरले, म्हणजे वादळात बेटाची वीज गेली तरी धंदा बंद पडणार नाही. हे करार करणारं सरकार तिथलं निवडून आलेलं सरकारच होतं, लंडनहून कुणी येऊन केलेलं नाही.

---

मेघना_स्लाऊ

मी इंग्लंडात स्लाऊला राहते म्हणून लिहावंसं वाटलं. इथे अँग्विलाची बरीच कुटुंबं आहेत, पन्नास-साठच्या दशकात आलेली. बेटावर तेव्हा कामच नव्हतं. जमीन चुनखडीची, मातीचा थर पातळ, एकही नदी नाही, सगळ्यात उंच टेकडी म्हणजे क्रोकस हिल तीसुद्धा ६५-७० मीटरच्या आसपास, त्यामुळे ढग अडत नाहीत आणि पाऊस बेभरवशाचा. ऊस लावून बघितला, टिकला नाही. मग पुरुष डोमिनिकन रिपब्लिकला ऊस तोडायला जायचे, नंतर अरुबा-कुरासावच्या तेल रिफायनरीत, नंतर इंग्लंड. घरी बायका आणि म्हातारी माणसं, आणि सँडी ग्राउंडला खाऱ्या तळ्यातून मीठ काढायचं काम, तेही ऐंशीच्या दशकात बंद पडलं. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर जगलेली कोकणातली जी गावं आहेत त्यांना हे सांगायला नको.

पण याच गरिबीतून एक चांगली गोष्ट झाली ती कुणी बोलत नाही. ऊस पिकला नाही म्हणून मळेवाले टिकले नाहीत आणि जमीन गुलामांच्या वंशजांच्या हातात आली. आजही बाहेरच्या माणसाला तिथे जमीन घ्यायची तर सरकारकडून वेगळं लायसन्स काढावं लागतं. माझ्या ओळखीतल्या एका आजींचं घर इथे स्लाऊमध्ये भाड्याचं आहे पण बेटावर त्यांची स्वतःची जमीन आहे आणि ती विकायचा विषय काढला तरी त्यांना राग येतो. त्यांना स्वतंत्र देशाबद्दल विचारलं तर म्हणतात, ब्रिटिश पासपोर्ट सोडून काय मिळणार? २००२ पासून या लोकांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व आहे, नातवंडं इथे शिकतात. मी त्यांच्या बाजूने आहे. धागाकर्ते, बाहेर बसून दुसऱ्याला स्वातंत्र्य सुचवणं सोपं आहे.

---

लिंबूटिंबू

माहितीसाठी विचारतो, ब्रिटिशांकडेच राहायचं म्हणून यांनी कधीतरी बंड केलं होतं असं वाचल्याचं आठवतंय, ते खरं आहे का? उलटं वाटतं एकदम.

---

जमाखर्च

अगदी खरं आहे आणि माझ्या मुद्द्याला तेच पुरतं. १९६७ च्या फेब्रुवारीत ब्रिटनने सेंट किट्स, नेव्हिस आणि अँग्विला यांची मोट बांधून एक राज्य केलं, सत्ता सगळी शंभरेक किलोमीटरवरच्या सेंट किट्सकडे, तिथले प्रीमियर रॉबर्ट ब्रॅडशॉ. अँग्विलाला वीज नाही, टेलिफोन नाही, आणि सेंट किट्सला त्याचं काही पडलेलं नाही अशी लोकांची भावना. ३० मे १९६७ ला लोकांनी सेंट किट्सच्या पोलिसांना बेटावरून घालवून दिलं. जुलैत मतदान घेतलं, वेगळं व्हायला १८१३ मतं आणि विरोधात ५. रोनाल्ड वेबस्टर पुढारी. लंडन ऐकेना म्हणून १९६९ च्या फेब्रुवारीत पुन्हा मतदान आणि प्रजासत्ताक जाहीर. मार्चमध्ये ब्रिटनचा एक कनिष्ठ मंत्री बोलणी करायला आला त्यालाही परत पाठवलं.

मग १९ मार्च १९६९ च्या पहाटे ब्रिटिश पॅराट्रूपर उतरले, बरोबर लंडनचे पोलीस. किनाऱ्यावर अंधारात लखलखाट झाला, ते निघाले पत्रकारांच्या कॅमेऱ्यांचे फ्लॅश. एकही माणूस मेला नाही. त्यानंतर ब्रिटिश लष्कराच्या इंजिनिअर लोकांनी तिथे रस्ते केले. १९ डिसेंबर १९८० ला सेंट किट्सपासून कायदेशीर फारकत मिळाली. म्हणजे लोकांनी लढून जे मिळवलं ते लंडनशी थेट नातं. ते तोडायला तुम्ही सांगताय.

---

किनारपट्टी

जमाखर्च, इतिहास अगदी बरोबर सांगितलात पण अर्थ उलटा लावलात असं माझं प्रामाणिक मत आहे. त्या लोकांनी लंडनसाठी बंड केलं नाही, दुसऱ्या बेटावर बसून आपला कारभार कुणी हाकू नये म्हणून केलं. आणि प्रजासत्ताक जाहीर करण्यापर्यंत तेच गेले होते ना? आज कारभार सेंट किट्सऐवजी सात हजार किलोमीटरवरून हाकला जातो, एवढाच फरक.

जीएसटीचं बघा. बेटावर इन्कम टॅक्स नाही, तेव्हा उत्पन्न मुख्यतः आयात कर आणि टुरिझममधून यायचं. कोविडमध्ये टुरिझम झोपलं, ब्रिटनने बजेटला मदत दिली आणि करव्यवस्था बदलण्याचा आग्रह धरला, २०२२ च्या जुलैत १३ टक्के जीएसटी आला. अन्न, इंधन, सिमेंट सगळं जिथे बाहेरून बोटीने येतं तिथे हा कर सामान्य माणसाला किती लागतो ते आपल्याला वेगळं सांगायला नको. २०२५ च्या निवडणुकीत तो मोठा मुद्दा झाला आणि सरकार बदललं. लोकांचा राग निघाला स्थानिक सरकारवर, आग्रह धरणाऱ्यांना मात्र मत मागायला कधी यावंच लागत नाही. हे मला खुपतं.

---

दर्यासारंग

धागाकर्त्याला माझा अर्धा पाठिंबा, कारण धोका मी दुसरीकडे बघितलाय. टर्क्स अँड केकोस, तोही ब्रिटनचाच प्रदेश. २००९ मध्ये भ्रष्टाचाराची चौकशी झाली आणि लंडनने विधानसभा, मंत्रिमंडळ सगळं बाजूला ठेवून गव्हर्नरकरवी थेट कारभार घेतला, २०१२ पर्यंत. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सचे प्रीमियर २०२२ मध्ये मियामीत ड्रग्जच्या प्रकरणात पकडले गेले तेव्हाही राज्यघटनेचा काही भाग स्थगित करायची शिफारस झाली होती, अमलात आली नाही. चोरांना सोडा असं मी म्हणत नाही, पण निवडून दिलेली अख्खी सभा दुसऱ्या देशातल्या आदेशाने बंद होऊ शकते ही तलवार डोक्यावर असताना त्याला लोकशाही म्हणायला जीभ अडखळते.

---

मेघना_स्लाऊ

दर्यासारंग दादा, आणि तीच चौकशी झाली नसती तर? पंधरा हजार वस्तीत पोलीस अधिकारी, मंत्री, कंत्राटदार हे एकमेकांचे चुलत-मावस भाऊ असतात, तिथे बाहेरचा न्यायाधीश आणि बाहेरचा ऑडिटर हवाच. अँग्विलाच्याच दोन बँका २०१३ मध्ये बुडायला आल्या तेव्हा सेंट किट्समधल्या ईस्टर्न कॅरिबियन सेंट्रल बँकेने (तिकडच्या अनेक बेटांची सामायिक मध्यवर्ती बँक) ताबा घेतला, २०१६ मध्ये नवी बँक काढून निस्तरलं. चलनही त्याच बँकेचं, १९७६ पासून एका अमेरिकी डॉलरला २.७० असा ठरलेला दर. म्हणजे स्वतंत्र झालात तरी पैसा तुमच्या हातात नाहीच.

आणि इर्मा विसरू नका. ६ सप्टेंबर २०१७, कॅटेगरी पाचचं वादळ. ब्लोइंग पॉइंटचा फेरी टर्मिनल गेला. समोर शेजारच्या सेंट मार्टिन बेटाचे डोंगर दिसतात, फेरीने वीस-पंचवीस मिनिटं, बेटाचे पेशंट, टुरिस्ट, भाजीपाला बराचसा त्याच वाटेने. हॉस्पिटलचं नुकसान, शाळांचं नुकसान. ब्रिटनने पुनर्बांधणीला ६ कोटी पौंड दिले. उशिरा दिले, अटी घालून दिले, अशा तक्रारी इथल्या लोकांकडून मीही ऐकल्यात. पण दिले. उद्या स्वतंत्र देश म्हणून कुणाकडे हात पसरणार?

---

किनारपट्टी

मेघनाताई, वादळाचा मुद्दा खरा आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी आहे. म्हणूनच म्हणतो की डॉट एआयचा ठरावीक वाटा कायद्याने बाजूला काढावा, कुठल्याही सरकारला निवडणुकीआधी हात लावता येणार नाही असा, वादळासाठी आणि पाण्यासाठी (नदी नाही, समुद्राचं पाणी गोडं करून प्यावं लागतं, त्याला वीज लागते, वीज डिझेलवर). विमानतळाची धावपट्टी, हॉस्पिटल ही कामं त्यातून व्हावीत. बाहेरच्या न्यायाधीशाबद्दल म्हणाल तर ईस्टर्न कॅरिबियनचं सामायिक सुप्रीम कोर्ट आहेच, त्यात स्वतंत्र देशही आहेत आणि ब्रिटनचे प्रदेशही. त्यासाठी गव्हर्नर लागत नाही.

आणि झारनेल ह्यूज बघा. अँग्विलाचा पोरगा, २०२३ च्या जागतिक स्पर्धेत १०० मीटरला ब्राँझ, पॅरिस ऑलिंपिकला रिलेत ब्राँझ, सगळं ग्रेट ब्रिटनच्या नावावर, कारण बेटाची स्वतःची ऑलिंपिक कमिटी नाही. ज्या बेटावर शिडाच्या होड्यांच्या शर्यतीला सगळं गाव किनाऱ्यावर लोटतं, ३० मे ला बंडाचा दिवस म्हणून शर्यत लावतात, त्यांना आपल्या झेंड्याखाली आपला माणूस पळताना बघावासा वाटणार नाही?

---

जमाखर्च

वाटेल, पण ते त्यांनाच ठरवू दे. आणि एक लक्षात घ्या, सेंट किट्स-नेव्हिस १९८३ मध्ये स्वतंत्र झाले. त्यातल्या नेव्हिसने १९९८ मध्ये वेगळं व्हायला मतदान घेतलं, सुमारे ६२ टक्के लोक हो म्हणाले पण दोन तृतीयांशाची अट होती म्हणून राहून गेलं. एकदा रचना पक्की झाली की ६२ टक्के लोकांनाही ती बदलता येत नाही. अँग्विलाला आज लंडनकडे राहून घटना बदलून मागता येते, पोलीस आणि नोकरवर्ग आपल्याकडे मागता येतो, कर्जाची मर्यादा सैल करून मागता येते. आधी ते मागू दे.

फंडाच्या कल्पनेला मात्र माझा पूर्ण पाठिंबा, आणि तो कायदा आत्ताच्या विधानसभेनेच करावा, स्वातंत्र्याची वाट बघत बसू नये. रिन्यूअलचे पैसे येतायत तोवर.

---

दर्यासारंग

कायदा केला आणि बजेटला मंजुरी देताना लंडननेच तो पैसा आधी कर्जफेडीला वापरा म्हणून सांगितलं तर? ते कुणी अडवायचं, याचं उत्तर जमाखर्च यांनी दिलेलं नाही.