आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

(एका ऑनलाइन कट्ट्यावरची चर्चा; बोलणाऱ्यांची नावं टोपणनावं आहेत.)

कोथरूडचा कंटाळा: पाचवीच्या स्कॉलरशिपचा निकाल लागला. आमच्या सोसायटीतल्या एका पोराचं नाव यादीत नाही. जिन्यात एक आजोबा म्हणाले, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" पोरगा शेजारीच उभा होता. राग आला, पण घरी येऊन वाटलं, आजोबा अगदीच चूक नाहीत. मी आणि माझा भाऊ एकाच घरात वाढलो, एकाच शाळेत गेलो, बाबांची छडीही दोघांना तीच. तो सीओईपीला इंजिनिअरिंगला गेला, मी कसाबसा बीकॉम. संस्कार सारखे, मग फरक आला कुठून?

उलटतपासणी: सख्ख्या भावंडांची जनुकं सरासरी निम्मीच जुळतात, आणि घर एक असलं तरी थोरल्या-धाकट्याचं बालपण एक नसतं. तुमचं उदाहरण दोन्हीकडून चालतं, म्हणजे कुठूनच चालत नाही.

पेठेतला: मग जुळ्यांचं घ्या. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांचा अमेरिकेतल्या मिनेसोटात अभ्यास झाला. १९९० च्या त्यांच्या निबंधात बुद्ध्यांकातल्या फरकाचा सुमारे ७० टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. शिवाय वय वाढतं तसा हा वाटा वाढतो. लहानपणी आईबापांनी रेटलेली गाडी पुढे आपल्या वळणावर जाते. क्लासवाल्यांना सांगू नका!

उलटतपासणी: वेगळी वाढलेली जुळी म्हणजे दत्तक गेलेली, आणि दत्तक मुलं सहसा बऱ्या परिस्थितीतल्या घरांतच जातात, हे विसरलात. २००३ मध्ये टर्कहायमर या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतली सात वर्षांची जुळी तपासली. गरीब घरांत फरकाचा सुमारे ६० टक्के वाटा घरच्या वातावरणाचा होता, जनुकांचा जवळजवळ शून्य. सुखवस्तू घरांत चित्र जवळपास उलटं. सगळ्या शेताला सारखं पाणी असेल तर कणसांतला फरक बियाण्याचाच दिसणार. पाटाचं पाणी अर्ध्यातच आटलं तर?

पेठेतला: अर्धीच गोष्ट सांगितलीत. २०१६ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी झाली. परिस्थितीनुसार बदलणारा हा परिणाम अमेरिकेत दिसला, पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियात नाही.

उलटतपासणी: तिथं सरकारी शाळा आणि दवाखाना गरिबालाही बरा मिळतो, त्यामुळे असेल. आता पर्वतीच्या पायथ्याची गरीब वस्ती आणि तुमचा वाडा यांत कोणता देश दिसतो, ते तुम्हीच सांगा.

पोळीभाजी: तुमच्या टक्केवारीत तो पोरगा कुठे आहे? ७० टक्के म्हणजे त्याच्या डोक्याचा ७० टक्के भाग बापाकडून आला असं नव्हे. तो आकडा पुष्कळ माणसांमधल्या फरकाचा आहे, एका पोराबद्दल त्यातून काही कळत नाही. आणि विसाव्या शतकात कित्येक देशांत बुद्ध्यांक दर दशकाला सुमारे तीन गुणांनी वाढला. इतक्यात जनुकं बदलत नाहीत. माझ्या मुलाला सहावीपर्यंत फळ्यावरचं दिसत नव्हतं. आम्ही त्याला मठ्ठ म्हणत होतो. चष्मा लागला. अजून लाज वाटते.

कोथरूडचा कंटाळा: हे वाचून गप्प झालो. आजोबांना गाठलं. ते स्वतः मॅट्रिकला दोनदा बसलेले, आणि मुलगा पाषाणला शास्त्रज्ञ.

उलटतपासणी: झालं तर मग!

पेठेतला: थांबा. आजी काय शिकल्यात?