रेझिन बॉडी: अस्तरात खळगे, क्लिअर दुधाळ. कुठे चुकतंय?

खाचेतली_गाडी:
१/३२ स्केलची फोर्ड जीटी-४० ची रेझिन बॉडी स्लॉट कारसाठी (खाचेच्या ट्रॅकवर धावणारी विजेवरची छोटी गाडी) रंगवतोय. १९६९ च्या ल मान्स शर्यतीची ६ नंबरची गाडी करायची आहे, फिकट निळी आणि मधे नारिंगी पट्टा. बॉडी साबणाने धुतली, ४०० च्या पॉलिश पेपरने घासली, मग करड्या स्प्रे प्रायमरचे, म्हणजे अस्तराचे, दोन हात मारले. छपरावर आणि मागच्या चाकाच्या कमानीवर प्रायमर गोलाकार मागे सरकला, टाचणीच्या डोक्याएवढे खळगे पडले. फालतू तुकड्यावर लॅकर क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) मारून पाहिला, तो पांढुरका झाला. पुण्यात आठवडाभर पावसाची झड आहे. शिवाय बॉडी ४१ ग्रॅम भरते, प्लास्टिकची २० च्या आसपास असते. कमी करता येईल का?

लांबी_अस्तर:
आधी खळगा भिंगाखाली बघा. कड गुळगुळीत, किंचित उचललेली आणि तळाशी रेझिन दिसत असेल तर तो फिश आय, म्हणजे साच्याचं सिलिकॉन अजून बॉडीवर आहे. कड धारदार आणि भोक खोल काळं असेल तर तो ओतताना अडकलेला हवेचा बुडबुडा. दोन्हींचे इलाज वेगळे आहेत. तुमच्या वर्णनावरून हे सिलिकॉनच वाटतं.

त्यावर तिसरा हात मारून काही होणार नाही, खळगा तसाच वर येईल. प्रायमर ४०० च्या वॉटर पेपरने ओला घासून काढा. बॉडी लॅकर थिनरमध्ये बुडवू नका, रेझिन मऊ पडतं. मग कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि जुना टूथब्रश घेऊन दहा मिनिटं घासा, चाकाच्या कमानी आणि दारांच्या रेषा विशेष करून. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसा आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्या. एकाच फडक्याने पुसलंत तर तेलकटपणा फक्त इकडचा तिकडे जातो. पेपरने घासण्याआधी एकदा आणि नंतर एकदा, असं दोनदा धुवायचं. पुरेसं न धुता घासलं की सिलिकॉन ओरखड्यांत जाऊन बसतं.

स्वच्छ झाली का हे पाणीच सांगतं. नळाखाली धरा. पाण्याचा सलग पडदा राहिला तर ठीक. थेंब गोळा होऊन पळाले तर पुन्हा धुवा. त्यानंतर बॉडीला हातमोज्यांशिवाय हात लावू नका.

बुडबुडे सापडले तर ०.५ मिमीच्या ड्रिलने किंवा टाचणीने पूर्ण उघडा. वर कागदाएवढा पापुद्रा असतो, तो तसाच ठेवला तर रंगानंतर फुटतो. आत फेव्हिक्विकचा थेंब, वर चिमूटभर खायचा सोडा. अर्ध्या तासात घासून सपाट करा. दुसऱ्या दिवसापर्यंत ते रेझिनहून कडक होतं आणि मग भोवतालचं रेझिन आधी झिजून तिथे टेंगूळ राहतं. दारांच्या रेषा उथळ असतील तर त्याही प्रायमरआधीच कोरा.

निळा_नारिंगी:
रंगाचा क्रम महत्त्वाचा. निळ्यावर नारिंगी मारू नका, तो मळका दिसतो आणि झाकायला चार-पाच हात लागतात. पट्ट्याच्या जागी आधी पांढरा, त्यावर नारिंगी. २४ तासांनी पट्ट्यावर मास्किंग टेप लावा, नखाने नव्हे तर लाकडी काडीने कड दाबा, आणि कडेवर नारिंगीचाच एक हलका हात द्या. झिरपायचा तो रंग नारिंगीच असेल, मग निळ्याची कड वस्तऱ्यासारखी येते. निळ्याचे तीन पातळ हात पुरे. टेप निळा पूर्ण कडक होण्याआधी, स्वतःवर मागे दुमडत काढा.

डिकल (नंबर-चिन्हांची पातळ चिकटचित्रं) चकचकीत पृष्ठावरच लावा. मॅट रंगावर खाली हवा अडकून ते चंदेरी दिसतात. एक खबरदारी: १०७५ क्रमांकाच्या याच चासीने १९६८ ला ९ नंबर लावून आणि १९६९ ला ६ नंबर लावून ल मान्स जिंकलं. दोन वर्षांचे डिकल एकमेकांत मिसळू नका.

हलकी_गाडी:
वजन रंगाआधीच उतरवा. आतून रोटरी टूलने खरवडा, सुरुवात छपरापासून, कारण वरचं वजन गाडीला वळणावर उलटवतं. बॉडीत दिवा धरा. उजेड सगळीकडे सारखा पाझरला की जाडी सारखी आहे. १ मिमीच्या खाली जाऊ नका. नाकाची खालची कड, मागचं टोक आणि स्क्रूचे खांब जाडच ठेवा, आपटल्यावर तडे तिथूनच जातात. ३० ग्रॅमपर्यंत सहज येईल, रंग-क्लिअर दोनेक ग्रॅम घालतील. रेझिनची धूळ फुप्फुसाला वाईट, मास्क लावाच.

खांब नव्याने लावायचे असतील तर फेव्हिक्विक नको, धक्क्याने सुटतं. दोन घटकांचं एपॉक्सी वापरा.

खरी जीटी-४० ४० इंच उंच, म्हणजे या स्केलला जेमतेम ३२ मिमी. चासीवर बसवून टायर टेकलेले असताना मोजा. जास्त भरली तर खांब कमी करा.

खाचेतली_गाडी:
पाणी खरंच थेंब होऊन पळतंय. परत धुतो. क्लिअरचं काय?

लांबी_अस्तर:
तो हवेतल्या दमटपणाचा परिणाम. सॉल्व्हंट झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर धरतं. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तर लॅकर मारू नका. तुकड्यावरचा पांढुरकेपणा कोरड्या दिवशी रिटार्डर (सावकाश उडणाऱ्या) थिनरच्या एका हलक्या धुक्याने बहुतेक निघतो. बॉडीवर डिकल असतील तर मात्र हे करू नका, ते विरघळतील.

डिकलवर पहिले दोन हात दुरून, नुसते भुरभुरते, मधे १५ मिनिटं. ओला हात त्यानंतरच. वाळवायला झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरे. दिव्याजवळ किंवा उन्हातल्या कारमध्ये ठेवू नका, बॉडी वाकते. वाकलीच तर ७० अंशाच्या पाण्यात मिनिटभर, चासीवर सरळ करून गार पाण्यात. हे रंगाआधीच जमतं.

काचा सर्वात शेवटी, पांढऱ्या फेव्हिकॉलने. फेव्हिक्विकच्या वाफेने त्या धुरकट होतात.