माळवदाच्या घरात दुसरा राउटर जोडायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं घर उदगीरला, जुनं माळवदाचं. भिंती दगड-मातीच्या, हातभर जाड. फायबरचा राउटर ओसरीवर आहे आणि मागच्या खोलीत रेंज जवळजवळ नाहीच. तिथं धाकटी बहीण नीटचा अभ्यास करते. लेक्चर ऐन रंगात आलं की अडकतं, तिची तगमग बघवत नाही. रिपीटर (सिग्नल पकडून पुढं पाठवणारं यंत्र) नको, कारण भिंतीपलीकडे मुळात सिग्नलच दुबळा पोचतो. म्हणून पाइपातून कॅट-सिक्स केबल (नेटवर्कची तार) मागं नेलीय.

घरात पडून असलेला जुना राउटर त्या केबलला जोडला. केबल वॅन पोर्टात (बाहेरून नेट आत घेणाऱ्या खाचेत) लावली तर नेट छान चालतं, पण तो आपलं वेगळंच नेटवर्क उभं करतो. मग मागच्या लॅपटॉपला ओसरीवरचा प्रिंटर सापडत नाही. अ‍ॅक्सेस पॉइंट मोड, म्हणजे वेगळं नेटवर्क न करता फक्त वाय-फाय देण्याची सोय, त्यात नाही. आता त्याचं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटण्याचं काम) बंद करून केबल लॅन पोर्टात (घरातली उपकरणं जोडायच्या खाचेत) लावायचा विचार आहे.

खरी अडचण आयपी पत्त्याची, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाला मिळणाऱ्या क्रमांकाची. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर आहे आणि १९२.१६८.१.२ पासून १९२.१६८.१.२५४ पर्यंत सगळे पत्ते स्वतःच वाटतो. मला मिळालेल्या लॉगिनमधून ती मर्यादा बदलता येत नाही. दुसऱ्या राउटरला १९२.१६८.१.२५४ दिला तर पुढंमागं तोच पत्ता आणखी कुणाला मिळून टक्कर होईल का? की कंपनीकडून मर्यादा कमी करून घेणंच बरं?

शिवाय दोन्हीकडं वाय-फायचं नाव-पासवर्ड एकच ठेवावं का? वाय-फायचा चॅनल (लहरींचा पट्टा) एकीकडं १ आणि दुसरीकडं ११ ठेवणार आहे.

ज्यांनी असं जोडलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा. प्रिंटर मागून चालायलाच हवा, बहिणीचे सराव पेपर त्यावरच निघतात.