साडीचा स्कर्ट पोटावर फुगतो, कसा बसवू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आईच्या जुन्या सुती इरकलीचा स्कर्ट मी घरी शिवला आहे. धुऊन धुऊन कापड मऊसूत झालंय, काठ मात्र अजून नव्यासारखा आहे. पदर बाजूला ठेवला, अंगातलं ४ मीटर घेतलं, चुण्या घालून नेफ्यात इलास्टिक ओवलं. काठ खाली घेरावर येतो. शिवण पक्की आहे, पण अंगावर हवा तसा बसत नाही.

उंची ५ फूट १ इंच, कंबर ३२, सीट ४१. दुसऱ्या बाळंतपणानंतर पोट थोडं पुढे आलंय. बाजूने पाहिलं की सगळ्या चुण्या पोटावर गोळा होऊन फुगलेल्या दिसतात, आणि पुढचा काठ मागच्यापेक्षा इंचभर वर उचलला जातो. लांबी अशी आहे की काठ बरोबर पोटरीच्या भरलेल्या भागावर येतो, त्यामुळे आहे त्याहून बुटकी दिसते. घोट्यापर्यंत लांब करता येईल, पण इथे वेंगुर्ल्यात पावसाळाभर स्कूटीवर फिरायचं, लाल चिखलात आईच्या साडीचा काठ भिजवायला जीव होत नाही.

शेजारच्या काकू म्हणतात, "कळ्यो घाल गो, बरो बसतलो." पण कळ्यांसाठी (वर अरुंद, खाली रुंद असे तुकडे) कापड तिरकं कापलं तर काठाचं काय होईल? चवथ जवळ आल्यामुळे शिंप्यांना सध्या मान वर करायला वेळ नाही, शिवाय हे कापड मला दुसऱ्याच्या कात्रीखाली द्यायचं नाही. चवथीला हाच घालायचा आहे. आत परकर घातला तर दमट हवेत पायांना चिकटतो, त्यावरही काही सुचवा.

प्रतिसाद:

काठाला कात्री लावू नकोस. जे करायचं ते वरून, कमरेकडून. काकूंचं कळ्यांचं म्हणणं साध्या कापडाला बरोबर आहे, सीटवर चपखल बसून खाली घेर येतो. पण काठ सरळ विणलेला असतो. कळी तिरकी कापली की प्रत्येक जोडावर काठ कोनात मोडतो आणि खालची कड नागमोडी दिसते.

४ मीटर म्हणजे १५७ इंच, तुझ्या सीटच्या पावणेचार पट. इतकं कापड ३२ इंचांत कोंबल्यावर ते फुगणारच. सुतीला अडीच पट पुष्कळ झालं, म्हणून २.६ मीटर ठेव आणि बाकीचं काढून घे. मग नेफा पूर्ण उसव. पुढच्या भागाला चुण्या नकोत, प्लेट्स पाड. मधोमध सहा इंच सपाट, त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन प्लेट्स, तोंडं बाहेरच्या बाजूला. या प्लेट्स कमरेपासून पाच इंच खालपर्यंत शिवून दाबायच्या, म्हणजे घेर पोटाच्या खाली सुटतो. यात एक गोष्ट सांभाळ: शिवण सरळ खाली नेऊ नकोस. वर प्लेट खोल धर आणि खाली येताना थोडी थोडी सैल सोड, नाहीतर कंबर बसेल पण सीटवर ताणेल.

पुढे कमरेची सपाट पट्टी, शिवून तयार झाल्यावर १६ इंच. इलास्टिक फक्त मागे. मागच्या चुण्या घालून झाल्यावर इलास्टिक ओवण्याआधी मागचा नेफा निदान २६ इंच भरला पाहिजे, नाहीतर स्कर्ट सीटवरून वर चढणार नाही. चेन लावायची गरज उरत नाही.

काठ उचलला जातो कारण पोटावरून जाताना पुढे कापड जास्त लागतं. तो खालून दुमडून सारखा करायला गेलीस तर काठ वाकडा दिसेल. लांबी कमी करायचीच आहे, तर कमरेकडून कापताना पुढून जेवढी कापशील त्यापेक्षा मागून इंचभर जास्त काप, आणि कुशीकडे हा फरक हळूहळू मिटवत आण. काठ गुडघ्याखाली तीन-चार बोटांवर आला तर पोटरीची निमुळती बाजू दिसते. बुटक्या बांध्याला ही लांबी फार छान दिसते आणि स्कूटीवरही सोयीची.

कापण्याआधी कच्चा धावदोरा घालून अंगावर चढव, खुर्चीत बसून बघ. वर शिवणीसाठी एक इंच माया (जास्तीचं कापड) ठेवच.

मूळ प्रश्नकर्ती:

ताई, खूप खूप आभार. मागे इंचभर जास्त कापायचं मला सुचलंच नसतं. नेफा आजच उसवते. परकराऐवजी मलमलचं अस्तर आतून जोडलं तर चालेल का? आणि काढलेल्या कापडाचं काय करू?

प्रतिसाद:

मलमलच घे, घाम शोषते. नायलॉन किंवा क्रेप आपल्या हवेत नको. आधी रात्रभर भिजवून वाळव, कारण ती आटते. अस्तराला घेर कमी ठेव, चुण्या फक्त मागे, आणि स्कर्टपेक्षा दोन इंच आखूड काप. खालची कड जोडू नकोस, सुटी राहू दे. काढलेल्या तुकड्यातून पुढच्या पट्टीचं आतलं कापड काढ, त्यात बक्रम (कडक कापड) घातलं की बसल्यावर पट्टी दुमडत नाही. उरलेल्याला काठ आहेच, मुलीचं परकर-पोलकं होतंय का बघ.