एक्सेलमध्ये पृथ्वीची कक्षा काढली, पण बंदच होत नाही

चक्रधर_७
दहावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्यासाठी शीट करतोय. अंतर खगोलीय एककात (ख.ए., म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर), वेळ वर्षात, म्हणून सूर्यासाठी जीएम (गुरुत्व स्थिरांक × सूर्याचं वस्तुमान) = ३९.४७८ (४ × पायचा वर्ग). सुरुवातीला क्ष = १, य = ० आणि वेग सरळ य-दिशेने ६.२८३२. एक ओळ म्हणजे एक दिवस, ०.००२७३८ वर्ष. प्रत्येक ओळीत वरच्या ओळीवरून नवी जागा आणि नवा वेग काढलाय. ३६५ ओळींनंतर पृथ्वी १.१८ ख.ए.वर पोचते, आलेखाची जिलबी होते. सूत्रं चारदा तपासली. पायरी आणखी बारीक करू का?

उपसूर्य
दहापट बारीक केलीत तरी वर्षाअखेर १.०२वर जाईल, आणि ओळी होतील ३६५०. सूत्रं ठीक आहेत, क्रम चुकलाय.

पृथ्वी एका दिवसात २५.७ लाख किमी पुढे सरकते आणि तेवढ्यात स्पर्शरेषेपासून सुमारे २२ हजार किमी सूर्याकडे पडते. तुम्ही नवी जागा जुन्या वेगाने काढता, त्यामुळे त्या दिवसाचं पडणं जागेत येतच नाही. दर ओळीला ग्रहाला थोडी फुकटची ऊर्जा मिळते. वर्तुळाकार कक्षेत ती वजा कधीच होत नाही, म्हणून साचत जाते.

आधी नवा वेग काढा, मग जागा = जुनी जागा + नवा वेग × पायरी. शीटमध्ये एवढाच बदल: जागेच्या सूत्रातला वेगाचा संदर्भ वरच्या ओळीचा न देता त्याच ओळीचा द्यायचा. त्वरण मात्र वरच्या ओळीतल्या जागेवरूनच घ्या, नाहीतर एक्सेल सर्क्युलर रेफरन्स (सूत्र फिरून स्वतःवरच अवलंबून) म्हणून ओरडेल.

एवढ्याने कक्षा बंद होईल, पण अंतर ०.९९१ ते १.००९ असं झुलत राहील. तेही नको असेल तर पहिल्या ओळीत, फक्त वेगासाठी, अर्धी पायरी (०.००१३६९) घ्या. पुढे सगळीकडे पूर्ण. मग वेग कायम दोन जागांच्या बरोबर मधल्या क्षणाचा राहतो.

चक्रधर_७
वा, पृथ्वी जागेवर आली! तीच शीट बुधाला लावली: उपसूर्य बिंदूला (सूर्याच्या सगळ्यात जवळ) अंतर ०.३०७५, वेग १२.४४१ ख.ए. प्रतिवर्ष (म्हणजे सुमारे ५८.९८ किमी प्रतिसेकंद). हा पठ्ठ्या थेट २.१ ख.ए.पर्यंत जातो, मंगळाच्याही पुढे, आणि परततो भलत्याच वाटेने.

नाभीबिंदू
वेग बरोबर आहे. त्वरणाच्या सूत्रातला भाजक बघा, अंतराचा वर्ग टाकला असणार. हवा घन:

क्ष-त्वरण = −३९.४७८ × क्ष ÷ (अंतराचा घन)

बल वर्गाच्याच व्यस्त प्रमाणात असतं, पण त्यातला क्ष-दिशेचा वाटा काढायला आणखी एकदा 'क्ष ÷ अंतर' ने गुणावं लागतं. पृथ्वीचं अंतर १, त्याचा वर्गही १ आणि घनही १, त्यामुळे चूक झाकली गेली. बुधाला ०.३०७५वर त्वरण ४१७.५ लागतं, वर्ग टाकला की १२८.४च मिळतं. पकड तिपटीहून सैल झाल्यावर तो मंगळापलीकडे जाईल नाही तर काय! (असली शीट पृथ्वीवर तपासूच नये, ती सगळ्यात पास होते.)

बुधाला पायरी ०.१ दिवसाची घ्या, फेरीला ८८० ओळी. एका दिवसाच्या पायरीत तो उपसूर्याजवळ ६.३ अंश वळतो, अपसूर्याजवळ (सूर्यापासून सगळ्यात लांब) २.८. जिथे जोरात वळतो तिथेच चूक होते. दुरुस्तीनंतर अपसूर्य बिंदू ०.४६६७वर, तिथला वेग ८.१९८ आणि फेरी ८७.९७ दिवसांची यायला हवी. तिन्ही जुळेपर्यंत पुढे जाऊ नका. मुलांना अंतर × वेग दोन्ही टोकांना काढायला सांगा: दोन्हीकडे ३.८३. केप्लरचा दुसरा नियम (समान काळात समान क्षेत्रफळ) आयताच हातात येतो.

उपसूर्य
भर घालतो. एक दिवसाची पायरी ठेवून शंभरेक फेऱ्या काढल्या की बुधाचं लंबवर्तुळ हळूहळू फिरताना दिसतं, आणि कुणीतरी हमखास म्हणतं, हाच तो आइन्स्टाइन. शीटमध्ये नुसता न्यूटन भरलाय, सापेक्षता येणार कुठून? फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिएने १८५९ साली दाखवलेली आणि आइन्स्टाइनने १९१५ साली सापेक्षतेने उलगडलेली, बुधाच्या कक्षेच्या फिरण्यातली तफावत शतकाला ४३ विकला आहे (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). शतकात बुधाच्या ४१५ फेऱ्या होतात, म्हणजे फेरीला जेमतेम ०.१ विकला. आलेखावर ती दिसणंच शक्य नाही. पायरी अर्धी करून बघा: फिरणं साधारण पाव झालं तर ते पायरीचं. खरोखरचं असतं तर तेवढंच राहिलं असतं.

चक्रधर_७
भाजकात वर्गच निघाला. आता अपसूर्य ०.४६६७, फेरी ८७.९७. वर्गात पृथ्वीऐवजी बुधच दाखवतो.